पॅनेलमागची भिंत

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
२९ जून

संध्या,

वर 'सप्रेम' वगैरे लिहायची पद्धत आहे, ती मी मुद्दाम गाळली. मला राग आलाय आणि तो तुला पहिल्याच ओळीत कळावा अशी माझी इच्छा आहे.

"फोन करू नका, फोनवर तुम्ही नुसते ओरडता. काय सांगायचंय ते लिहून पाठवा," असं तू एस.टी.च्या पायरीवर उभी राहून म्हणालीस. तेही रामभाऊच्या देखत. सख्ख्या मेहुण्यासमोर माझी अशी शोभा! कल्याणचा अख्खा स्टँड बघत होता. बरं, लिहितो. पण लिहिताना माझा आवाज चढत नाही असं तुला वाटत असेल, तर तसं काही नाही. पेन आत्ताच एकदा कागदातून आरपार गेलं.

तुझी अट मला पाठ आहे. बेडरूमचं पॅनेल काढा, मागची भिंत उघडी करा, तोवर मी माहेराहून परत येत नाही. माझं उत्तर पण पाठ करून ठेव. पॅनेल निघणार नाही.

अगं, इतकी वर्षं मी दुसरं केलंय काय? उल्हासनगरात चंदूशेठच्या दुकानातून माल उचलायचा आणि लोकांच्या भिंती सजवायच्या, यावर आपलं घर उभं राहिलं, शलाकाचं लग्न झालं. पोपडे सुटलेली भिंत असो नाहीतर काळ्या डागांची, आधी लाकडी पट्ट्या ठोकायच्या, त्यावर पॅनेल चढवायचं, कोपरे बंद करायचे. संध्याकाळी घरवाल्यांना आपलीच खोली ओळखू येत नाही. आणि त्या हिंदुरावची बायको म्हणते, तुमच्या पॅनेलमागून वास येतो, माझा श्वास कोंडतो. मला तोंड दाखवायला जागा ठेवलीस का?

आणि बसवलं कोणासाठी ते? लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तू शलाकाकडे बदलापूरला गेली होतीस. तेवढ्यात मी एकट्याने ती भिंत उभी केली. अक्रोडी रंग, मध्ये सोनेरी पट्टी, उशाशी दोन दिवे. तू आलीस, दिवा लावलास आणि तोंडावर हात ठेवलास. "अगं बाई, हे तर हॉटेल झालं!" हे शब्द तुझे. आता विसरलीस.

त्याआधी त्या भिंतीवर काय होतं ते मीही विसरलेलो नाही. दर गणपतीआधी तू तोंडाला पदर बांधून ब्लीचने ते काळे डाग घासायचीस आणि पुढच्या पावसात ते परत हजर. म्हणूनच तर म्हटलं, एकदाच काय तो बंदोबस्त करून टाकू.

चंदूशेठला ते काम इतकं आवडलं की तो गिऱ्हाइकांना थेट आपल्या बेडरूममध्ये आणायला लागला. "देखो साईं, अपने घर में लगाया है, इससे बडी गॅरंटी क्या?" तू सगळ्यांना चहा द्यायचीस. एकदा तुला ठसका लागला तर ती बाई पटकन दारात सरकली. "आंटी को टीबी तो नहीं है ना?" मी हसून म्हटलं, तडका लागला. तू तेव्हा माझ्याकडे बघितलंस, ते मला अजून आठवतं. का आठवतं, माहीत नाही.

आणि डॉक्टरांसमोर जे केलंस ते तर कळसच. त्यांनी सरळ विचारलं, टीबी नाही, पण फुफ्फुसांना सूज आहे, घरात कुठे ओल आहे का? मी म्हटलं, नाही. संपलं असतं. तर तू ऑक्सिजनची नळी नाकात असताना उठून बसलीस. "आहे. पॅनेलच्या मागे आहे. हे झाकून ठेवतात." नर्सपण हसली.

असो. दूध मी रोज उतू घालवतोय. तुझा श्वासाचा निळा पंप फ्रिजवरच राहिला, तो याच पाकिटात गुंडाळून टाकलाय. रामभाऊला म्हणावं, जपून फोड.

हिंदुराव

१६ जुलै

संध्या,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. पोस्टाच्या पाकिटाला तरी लाज वाटली असेल.

"इथे खोकला नाही. पंप पिशवीतच आहे. काल वहिनीबरोबर टेकडीवरच्या देवळापर्यंत चालत गेले, मध्ये बसावं लागलं नाही."

वाचून बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण लगेच डोकं सटकलं. म्हणजे माझ्याच घराची तुला अॅलर्जी? इथे जिन्याचा एक मजला चढताना तू कठड्याला धरून उभी राहायचीस आणि तिकडे टेकड्या चढतेस? खालच्या महेंद्रने तर मला गेटवरच गाठलं. "हिंदुरावभाऊ, वहिनी माहेरी गेल्या की ठणठणीत, इथे आल्या की आजारी. औषध डॉक्टरांकडे नाही, तुमच्याकडेच काहीतरी आहे." आणि हसतोय दात काढून. मी त्याच्याशी बोलणं टाकलंय.

मला वाटलं, ओल असेलच तर ती वरून येत असणार. म्हणून गेलो बुद्धभूषणकडे. आपल्या डोक्यावर राहणारा पोरगा, सारखा लॅपटॉपला चिकटलेला. म्हटलं, तुझं बाथरूम गळतंय, माझ्या बायकोची छाती गेली त्यात. तो बिचारा चप्पल न घालताच खाली आला. नंतर वर जाऊन त्याने बाथरूममध्ये निळीचं पाणी ओतून तुंबवून ठेवलं, दिवसभर आंघोळ केली नाही. आपल्या छतावर निळा ठिपकासुद्धा नाही. मग हळूच म्हणतो, "काका, राग मानू नका. ही पश्चिमेची भिंत आहे, पावसाचा सगळा मारा हिच्यावर. बाहेरच्या गिलाव्याला तडा दिसतोय. एकदा पॅनेल उघडून बघूया का?"

हाड, म्हटलं. ज्याला त्याला माझंच पॅनेल दिसतं!

आता घरची खबर. मी हल्ली हॉलमध्ये झोपतो. टीव्ही बघता बघता डोळा लागतो म्हणून, बाकी काही नाही. घसा बसलाय, तो बुद्धभूषणवर ओरडल्यामुळे.

आणि एक. कपाट उघडलं होतं, तुझ्या लग्नाच्या शालूवर पांढरी बुरशी आलीय. ते कपाटही त्याच भिंतीला टेकून आहे. मी फडक्याने पुसून काढली. उन्हात टाकावा तर ऊन कुठाय? शेवटी हॉलमध्ये पंख्याखाली खुर्चीवर पसरून ठेवलाय. आत-बाहेर करताना तू बसल्यासारखीच वाटतेस. एक शब्द बोलत नाहीस, तेवढं बरं आहे.

घर लई मोठं वाटायला लागलंय. येतेस का?

हिंदुराव

१२ ऑगस्ट

संध्या,

गणपती महिनाअखेरीला आलेत. मूर्ती सांगून ठेवली, मखर मी करतोय. पण गौरी कोण आणणार?

आई गेली तेव्हापासून गौरी तुझ्याच हातांनी घरात आल्या. उंबऱ्यातून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढत, "कशाच्या पावलांनी आली?" "सोन्यामोत्याच्या पावलांनी आली," असं म्हणत मुखवटे आणायचे. मी विचारायचं आणि तू सांगायचीस. आता एकट्याने मी दोन्ही बोलू का? शलाकाला तिच्या सासरच्या गौरी आहेत. यंदा घरात गौरी बसल्याच नाहीत असं झालं तर आईला काय सांगू?

तुला रागावून लिहीत नाही, बघ. अक्षर पण नीट आलंय.

आणि तू म्हणतेस ना की मी ऐकत नाही? ऐकलंय. खोलीचं काम केलंय. पॅनेलच्या सगळ्या फटी, कोपरे, वरची कड, खालची कड, दिव्यांच्या वायरींची भोकं, झाडून सगळं सिलिकॉन भरून बंद केलं. आता आतला वाससुद्धा बाहेर येऊ शकणार नाही. पावसाचं पाणी नको म्हणून खिडकी घट्ट लावून ठेवलीय. सकाळ-संध्याकाळ कापूर जाळतो, वर सुगंधी फवारा मारतो. चंदूशेठ येऊन नाक वर करून गेला. म्हणाला, "अडे साईं, एकदम मॉल जैसी खुशबू."

दोन दिवस ये. गौरी आण, जेवू घाल, त्यांची पाठवणी कर आणि तुला जायचंच असेल तर मी स्वतः एस.टी.त बसवून देतो. तुझ्या गळ्याची शपथ. नको, तुझ्या नको. माझ्या.

येताना बाजरी आणू नकोस, ओझं होईल.

हिंदुराव

५ सप्टेंबर

संध्या,

शलाकाने सांगितलं, तू माहेरी दहिवडीला पोचलीस आणि कालपासून ऑक्सिजन लागत नाही. त्यानंतरच लिहायला बसलोय.

तू माझ्या शब्दावर आलीस. मला दुसरं काही सुचत नाहीये, हेच परत परत डोक्यात येतंय. आलीस, चपला काढल्यास, बेडरूमच्या दारात क्षणभर थांबलीस आणि माझ्याकडे बघून आत गेलीस. मी म्हटलं, बघ, आहे का वास? तू मान हलवलीस. गौरी आणल्यास. किती छान आणल्यास. उंबऱ्याशी मी विचारलं आणि तुझा आवाज पुरला नाही, शेवटचं उत्तर तू नुसत्या ओठांनी दिलंस. मला वाटलं, प्रवासाचा शीण.

दुसऱ्या दिवशी नैवेद्याची पुरणपोळी तव्यावर होती आणि तू ओट्याला धरून खाली बसलीस. ओठ निळे. मी काय केलं, माहितेय? आधी गॅस बंद केला, मग रिक्षावाल्यावर ओरडलो, मग शलाकाला फोन करून म्हटलं, आरती व्हायचीय, गौरींचं ताट कोण वाढणार? तिने मला जे ऐकवलं ते तुला सांगितलं असेलच. नसेल सांगितलं तर मी सांगतो. "बाबा, आईला श्वास येत नाही आणि तुम्ही ताटाचं विचारताय? त्या खोलीत तिला परत झोपवलंत कसं तुम्ही?" एवढं बोलून तिने फोन ठेवला. हॉस्पिटलात आली तेव्हा ती माझ्याशेजारी बसली नाही, तुझ्या पलीकडे जाऊन बसली.

डॉक्टरांनी मला बाहेर घेतलं. या वेळी ओल आहे का, असं त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "बुरशीचे बारीक कण श्वासातून आत जातात. यांचं शरीर त्यांच्याशी भांडत बसतं आणि त्यात फुफ्फुसं सुजतात. असं वारंवार झालं तर सूज उतरते पण व्रण राहतो. तेवढा भाग परत मिळत नाही. थोडा गेलाय आधीच." मी विचारलं, किती? ते म्हणाले, "उरलेला सांभाळा."

तुला घेऊन शलाका बदलापूरला गेली. गौरी घरातच होत्या. पाठवणीच्या दिवशी मीच त्यांच्या ओटीत तांदूळ घातले. नीट झालं की नाही माहीत नाही.

आणि मी अजून पॅनेल काढलेलं नाही. तुला खोटं लिहिणार नाही. रोज पटाशी घेऊन त्या भिंतीसमोर उभा राहतो आणि परत पेटीत टाकतो. घरात नुसत्या येरझाऱ्या चालल्यात. कामावर गेलो तर तिथे हात चालत नाही, घरी आलो तर बसवत नाही. तुला वाटत असेल, हा अजून आपल्या कारागिरीला कवटाळून बसलाय. तसं नाही गं. भीती वाटते. हे काढलं आणि मागे तेच निघालं, तर मग मी ज्यांच्या ज्यांच्या घरात भिंती झाकून आलो, त्यांचं काय? तिथे कोण कोण खोकत असेल? हे कोणाला बोलायचं? चंदूशेठला? तो म्हणेल, "सीलन का नाम मत ले, पॅनल दिखा, पॅनल."

तू तिकडेच राहा. पत्र नाही लिहिलंस तरी चालेल.

हिंदुराव

१८ सप्टेंबर

संध्या,

काढलं.

नीट सांगतो, नाहीतर तू म्हणशील अर्धवट सांगायची माझी सवय जात नाही.

काल उल्हासनगरात कॅम्प चारला माप घ्यायला गेलो होतो. आईबाप दोघंही नोकरीवाले, एक छोटी मुलगी. तिची खोली. भिंतीला खालपासून कमरेपर्यंत काळं आलेलं. मुलीची आई म्हणाली, "भैया, दिवाली से पहले ये ढक दो. पेंट टिकता ही नहीं." असं वाक्य मी आजवर किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल. टेप काढला, लांबी घेतली. मुलगी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती आणि तिच्या श्वासातून बारीक शिट्टी येत होती. तुझी यायची तशीच. वर बघितलं तर फळीवर, बाहुल्यांच्या रांगेत, निळा पंप.

मी विचारलं, "इसका सिर किधर रहता है?" ती म्हणाली, "इधर ही, दीवार की तरफ. पॅनल में लाइट भी देना, इसको अंधेरे से डर लगता है."

माझा हात तिथेच थांबला. टेप सटकन आत गेला, बोटाला लागला. मी म्हटलं, "दीदी, ढको मत. पहले बाहर से पानी बंद कराओ, फिर दीवार सुखाओ. तब तक बच्ची को इस कमरे में मत सुलाओ." ती म्हणाली, "आप पॅनल लगाने आये हो कि डॉक्टर हो?" मी म्हटलं, "दोनों नहीं. मेरी घरवाली का यही हुआ है." आणि बाहेर पडलो.

घरी आलो ते कपडे न बदलताच पेटी उघडली. मग विचार आला, एकट्याने नको. वर गेलो. बुद्धभूषणने दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता खाली आला. येताना दोन मास्क घेऊन आला. मी मागे त्याच्यावर इतका ओरडलो होतो, पण पोरगं मनात ठेवणारं नाही.

आधी मीच भरलेलं सिलिकॉन कापायला लागलं. चिवट भरलं होतं, काम माझं ना! पहिलं पॅनेल सुटलं आणि मागून पाणी ओघळलं. थेंब थेंब नाही, ओघळ. पुढून बघशील तर त्या अक्रोडी रंगावर ओरखडा नाही, धूळ नाही. तेच उलटं केलं तर काळं-हिरवं, केसाळ, हात लावला की धूर उडावा तसं उडायचं. लाकडी पट्ट्या बोटाने दाबल्या तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या खचल्या. आणि सगळ्यात दाट कुठे होतं सांगू? उशाशी. डाव्या बाजूला. तू झोपायचीस तिथे.

बुद्धभूषण म्हणाला, "काका, बाहेर चला जरा." मी गेलो नाही. तिथेच खाली बसलो. मला रडू आलं. त्या पोरासमोर. लाज वाटली, रडण्याची नव्हे. आतून कुजत होतं आणि मी त्यावर दिवे लावून लोकांना दाखवत होतो, त्याची. आणि तू चहा करत होतीस.

सगळं काढून, पिशव्या बांधून खाली नेलं. गादी, उशा, तो कपाटामागचा प्लायसुद्धा. खिडकी उघडली. बाहेर पाऊस होता, आत येऊ दिला.

मला खोकला आहे. तसा जुलैपासूनच आहे. घसा ओरडून बसलेला नव्हता. शलाकाने माझा एक्स-रे काढायला लावलाय, बघू.

हिंदुराव

१० ऑक्टोबर

प्रिय संध्या,

(हो, लिहिलंय. आता हसू नकोस.)

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. या वेळी पाठपोट होतं. पॅनेल निघालं, अट पुरी झाली, आता दिवाळीला घरी येते, असं तू लिहिलंस. "एक रात्र हॉलमध्ये झोपेन, काही होत नाही," असंही लिहिलंस. वाचताना छाती भरून आली, आणि दुसऱ्याच क्षणाला मी उठून घरभर फिरायला लागलो. तुला काय काय सांगायचं आणि कोणत्या क्रमाने, ते सुचेना.

आधी बाकीचं सांगून टाकतो. माझा एक्स-रे बरा आहे, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्या घेतो. सोसायटीने बाहेरचा तडा बुजवायला एकदाची माणसं लावली, महेंद्रच सगळ्यांच्या मागे लागला होता. त्यामुळे त्याच्याशी बोलायला लागलोय. आतला गिलावा मी छिन्नीने विटेपर्यंत उतरवला. शालूला आता कडक ऊन मिळतंय, पण डाग राहिलेत.

चंदूशेठ बिथरलाय. मोबाईलवर आपल्या बेडरूमचा जो फोटो तो गिऱ्हाइकांना दाखवायचा, त्याच्यानंतर मी मागच्या बाजूचा फोटो पुढे करायला लागलो. "साईं, तू मेरा धंदा करने आया है कि बंद करने?" असं विचारतो. कोरड्या भिंतीवर मी आजही पॅनेल बसवीन, तीच तर माझी कला आहे. ओल्या भिंतीवर नाही. त्यामुळे अर्धीअधिक कामं हातची जातायत. त्या कॅम्प चारच्या घरात परत जाऊन आलो, म्हटलं काय झालं बघावं. दुसऱ्या कोणीतरी पॅनेल बसवून दिलंय. गुलाबी, फुलपाखरांचं. सफाईदार काम आहे. मुलीच्या आईने मला दारातूनच वाटेला लावलं. आतून शिट्टी ऐकू येत होती. संध्या, मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मी परत जाणार आहे. शिव्या देतील, देऊ दे. मुलीच्या बापाला गाठून तुझी गोष्ट सांगणार आहे.

आता आपली भिंत. दिसायला ती छान कोरडी झालीय. कोणीही आलं तर म्हणेल, झालं काम, मारा रंग. मीही चार महिन्यांपूर्वी तेच म्हटलं असतं. पण मी तिच्यावर प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवलाय, उशाशी, डाव्या बाजूला. रोज सकाळी उठलो की चहाच्या आधी तो बघतो. आज सकाळीही आतून दव होतं. म्हणजे भिंत अजून पाणी सोडतेय. आणि डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, ही वाळली तरी पुढच्या पावसात परत बघा, त्याच्याआधी खात्री देता येत नाही.

तुला मी दोन दिवसांसाठी बोलावलं होतं आणि त्या दोन दिवसांत तुझं काय गेलं ते मला डॉक्टरांनी सांगितलंय. तुला मागे लिहिलं ते पूर्ण नव्हतं. समोर बसून सांगेन. हॉलमध्ये एक रात्र काही होत नाही म्हणतेस, पण तुझ्याकडे आता एक रात्रही उधळायला नाही गं.

तेव्हा असं ठरवलंय. दिवाळीला मीच तिकडे येतो. शलाका, जावई, सगळे येऊ. रामभाऊला सांग, दाजी येतोय, मानपान काही नको, एक वाकळ टाक म्हणावं अंगणात. टेकडीवरच्या त्या देवळात मला घेऊन चल. तू पुढे चाल, मी मागून येतो, बघू कोणाला बसावं लागतं. शालू घेऊन येईन, तुला डागासकट नेसायचा असेल तर नेस.

आणि पुढच्या पावसात ही भिंत परत ओलावली तर आपण हे घर सोडू. तुझ्या आग्रहाखातर नव्हे, मीच सोडीन. कोरडी असेल अशा कुठल्याही खोलीत राहू.

तोवर मात्र इकडे फिरकायचं नाही. आलीस तर मी दार उघडणार नाही, त्याच रिक्षाने परत पाठवीन. फोनवर मी नुसता ओरडतो म्हणतेस ना? मग हे एवढं फोनवर ऐकल्यासारखं वाच. संध्या, येऊ नकोस!

तुझा
हिंदुराव